आमच्या आधी पोचलेलं गाठोडं

आईच्या माहेरी जायचं ठरवण्यात आमच्या घराचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठरवण्यात म्हणतेय मी, जाण्यात नाही. आई सिन्नरची, आम्ही राहायला मुलुंडला. सकाळी निघालं तर दुपारी पोचावं एवढंच ते अंतर. पण सहा वर्षं दर उन्हाळ्यात बेत व्हायचा आणि दर उन्हाळ्यात कुठेतरी माशी शिंकायची. एका वर्षी मला गोवर निघाला. दोन वर्षं वडिलांना रजा मिळाली नाही. एकदा तर ट्रंक दाराबाहेर ठेवलेली असताना शेजारच्या खोलीत खरोखरच कुणीतरी शिंकलं. आत्याआजीनं सगळ्यांना परत आत बोलावून बसवलं, पाणी प्यायला लावलं, आणि तेवढ्यात आमची गाडी गेली. आईनं ट्रंक उघडली, कपडे खुंटीला लावले, आणि प्रवासासाठी केलेल्या शंकरपाळ्या आम्ही आठवडाभर मुलुंडलाच खाल्ल्या. मला त्या गोड लागल्या याचा राग मला अजून येतो.

आत्याआजी म्हणजे वडिलांची आत्या. लहानपणीच विधवा झालेली, आणि वडिलांची आई गेल्यावर त्यांना तिनंच वाढवलेलं. तिचा घरात शब्द चाले. ती बारीक चणीची होती, आवाजही बारीक होता, पण हातात पंचांग घेतलं की तिच्यापुढे वडिलांचे साहेबही उभे राहिले नसते. अमक्या वारी अमक्या दिशेला जायचं नाही, तमक्या तिथीला नखं काढायची नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं. मी अकरा वर्षांची होते आणि तिच्यावर माझा मनापासून राग होता. आईला माहेर दिसत नाही ते हिच्यामुळे, असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी मोठ्यानं बोलून दोनदा धपाटे खाल्ले होते. धपाटे आईनं घातले होते, आत्याआजीनं नाही.

त्या वर्षी एप्रिलात आजोबांचं पत्र आलं. अक्षर मामाचं होतं, मजकूर आजोबांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आता माणूस आवाजावरून ओळखतो. डॉक्टर शस्त्रक्रियेचं म्हणतात, पण छाती बरी नाही म्हणून धजत नाहीत. धाकट्याला अजून पाहिलेलं नाही. थोडं दिसतंय तोवर ये.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, चार वर्षांचा. तो मुलुंडलाच जन्मला आणि त्याच्या जन्मापासून आम्ही सिन्नरला गेलोच नव्हतो. आईनं पत्र आम्हाला वाचून दाखवलं. मग ते चुलीमागच्या फळीवर ठेवलं, आणि भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं परत काढून वाचलं. त्या पत्रावर तिच्या बोटांचे पिठाचे ठसे कायमचे राहिले.

वडील म्हणाले, "या वर्षी जायचंच." हे ते दर वर्षी म्हणायचे. पण या वेळी त्यांनी ऑफिसातून रेल्वेचं टाइमटेबल आणलं आणि एका कोऱ्या फुलस्केपवर कार्यक्रम आखायला घेतला.

माझे वडील फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. त्यांना प्रवास फारसा घडला नव्हता, पण प्रवासाचा बेत करण्यात त्यांचा जीव रमायचा. शनिवारी अर्धा दिवस. दोन वाजता घरी, साडेतीनला मुलुंड, कल्याणला गाडी बदलायची, रात्री नाशिकरोडला त्यांच्या मित्राकडे मुक्काम, आणि रविवारी सकाळच्या एसटीनं सिन्नर. प्रत्येक टप्प्यासमोर त्यांनी वेळ लिहिली होती आणि वेळेसमोर कंसात 'अंदाजे'. पाणी कुठे भरायचं, वळकटी कुणी धरायची, भावाला कुठे लघवीला न्यायचं, सगळं त्या कागदावर होतं. आई येता-जाता तो कागद बघायची आणि हसू दाबायची. तिनं त्या रस्त्यानं लग्नाआधी आणि नंतर कितीदा ये-जा केली होती, पण ते बोलून त्यांचा विरस करायची तिची इच्छा नव्हती.

कागदावर समाधान होईना म्हणून वडिलांनी रंगीत तालीम ठरवली. आठवडाभर आधी, रविवारी सकाळी, सामानासकट घर ते स्टेशन चालून बघायचं आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. ट्रंक तर अजून रिकामी. मग वजनासाठी तिच्यात रद्दी भरली, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून पाट्यावरचा वरवंटा घातला. आई पाट्यापुढे खोबरं घेऊन बसलेली आणि वरवंटा कुठे दिसेना. "अहो, वरवंटा बघितलात का?" म्हणून ती दारात आली तेव्हा आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो.

रस्त्यात भेटेल तो माणूस आम्हाला निरोप देत होता. वाणी म्हणाला, सांभाळून जा. डॉक्टरांच्या बायकोनं भावाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. वडिलांनी त्यांना तालीम आहे असं सांगायला हवं होतं, पण त्यांना ते जमलं नाही. ते नुसते "हो, हो, येतो" म्हणत राहिले. स्टेशनवर पोचलो, वडिलांनी घड्याळ बघितलं, "सतरा मिनिटं" म्हणाले आणि खिशातल्या कागदावर टिपलं. एवढ्यात गाडी आली, थांबली आणि गेली. आम्ही चढलोच नाही म्हटल्यावर भावानं प्लॅटफॉर्मवर बसकण मारून भोकाड पसरलं. चाळीस मिनिटांत आम्ही त्याच रस्त्यानं, त्याच लोकांसमोरून, ट्रंक, वळकटी आणि रडका भाऊ घेऊन परत. वाण्यानं मान दुसरीकडे वळवली, हा त्याचा भलेपणा.

दारात आत्याआजी उभी होती.

"निघून परत आलात?" ती म्हणाली.

"अगं आत्या, निघालो नव्हतो. वेळ बघत होतो."

"ट्रंक उचलली, उंबरा ओलांडला, लोकांनी निरोप दिला, ठेसनावर गेलात. ह्याला निघणं नाही तर काय म्हणतात? आता नीट दिवस बघितल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही."

तिनं पंचांग काढलं. मी आतल्या खोलीत जाऊन उशीवर डोकं आपटलं. मला पुढचं सगळं दिसत होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आमच्याकडे तर ती वडिलांनी वरवंटा घालून आणली होती.

आणि झालं तसंच. सिन्नर आमच्या पूर्वेकडे. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ, म्हणजे त्या वारी त्या दिशेला प्रवास वर्ज्य. रविवारी अमावास्या. सोमवारी परत पूर्वेलाच दिशाशूळ. चांगला मुहूर्त एकच होता, गुरुवारी द्वादशीला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. गुरुवारी वडील ऑफिसात.

 आई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. तिचं ते मुकाट निवडणं मला कुणाच्याही रडण्यापेक्षा असह्य व्हायचं. मी म्हणाले, "आत्याआजी, तुझं पंचांग मी चुलीत घालणार आहे." या वेळी मला धपाटा पडला नाही. आईचे हात सुपातच राहिले.

आत्याआजीनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसला. "प्रस्थान ठेवू," ती म्हणाली.

प्रस्थान ठेवणं ही आमच्या जुन्या लोकांनी मुहूर्ताला काढलेली पळवाट. चांगल्या वेळी तुम्हाला निघता येत नसेल तर तुमच्याऐवजी तुमचं गाठोडं निघतं. जाणाऱ्या प्रत्येकाची अंगावर वापरलेली एक वस्तू, सोबत सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ, असं फडक्यात बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. म्हणजे तुमचा प्रवास सुरू झाला. नंतर पाच दिवसांच्या आत तुमच्या सोयीनं निघायचं आणि जाता जाता गाठोडं उचलायचं. मधल्या काळात ते घरी मात्र आणायचं नाही. मला ही लबाडी वाटली आणि म्हणूनच फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा आत्याआजीबद्दल मला थोडं बरं वाटलं.

घर कुणाचं निवडायचं, यावर एक दिवस गेला. चाळीतलं पूर्वेचं घर चालेना, कारण एका छपराखालचं. शेवटी रुळांच्या पलीकडे, मुलुंडच्या पूर्वेला राहणाऱ्या गुजराती बेनचं ठरलं. सगळे तिला बेनच म्हणायचे. ती घरी पापड लाटायची, आई तिच्याकडून पापड घ्यायची आणि तिला लोणचं द्यायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी यायची, पण गप्पा मात्र तासतास चालायच्या.

बुधवारी संध्याकाळी गाठोड्याची तयारी झाली. आईनं सहा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी दिलेलं येवल्याचं निळं सुती लुगडं ठेवलं. वडिलांनी त्यांची चांगली काळी टोपी दिली. मी माझी लाल रिबीन दिली. भावाकडे दिवाळीत घेतलेले पट्ट्याचे तपकिरी बूट होते, आणि ते तो झोपतानासुद्धा काढत नसे. त्याच्यापुढे बराच वेळ विनवण्या झाल्या. अखेर त्यानं विचार केला आणि डावा बूट काढून दिला. उजवा देणार नाही म्हणाला. दोन दिवस तो एक पाय बुटात आणि एक अनवाणी असा चाळभर फिरला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, "माझा एक पाय सिन्नरला गेलाय."

गुरुवारी आई आणि मी गाठोडं घेऊन निघालो तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी. डबे संपता संपेनात. आईनं कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ वाकून बघितलं, नऊ अठरा. मालगाडीचा शेवटचा डबा गेला तशी आई, जी रस्त्यात कधी भरभर चालली नाही, ती पदर खोचून चक्क पळाली. मी तिच्यामागे. बेनच्या दारात पोचलो तेव्हा दोघींना धाप लागलेली. बेननं हात पुढे केले आणि आईनं तिच्या हातात गाठोडं दिलं. आत घड्याळात बरोब्बर वीस मिनिटं झाली होती. आई तिथेच पायरीवर बसून हसायला लागली. तिला इतकं हसताना मी पूर्वी बघितलं नव्हतं. हसता हसता तिनं बेनला सगळं समजावलं, की हे आमच्याऐवजी निघालंय, घरी न्यायचं नाही, शनिवारी जाताना नेऊ.

"काय पण फिकर करू नको," बेन म्हणाली. "माझ्या घरात ठेवला म्हणजे देवाच्या घरात ठेवला."

मग दोन दिवस घरात नुसती धांदल. आईनं दशम्या केल्या, शंकरपाळ्या केल्या, मामीसाठी बांगड्या आणल्या. भावाला नमस्कार कसा करायचा आणि "आजोबा, मी आलो" कसं म्हणायचं ते शिकवलं. तो ते कपाटाला म्हणून दाखवायचा. वरवंटा पाट्यावर परत आला. आणि काम करताना आई गुणगुणत होती. काय गुणगुणत होती ते मला कळलं नाही, कारण मी जवळ गेले की ती थांबायची.

शनिवारी दोन वाजता आम्ही तयार होऊन बसलो. वडील आले तीन वाजता. चपला न काढताच दारात उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं.

बाहेरगावचे मोठे साहेब अचानक येणार होते. रजा रद्द. रविवारी हजर राहायचं, सोमवारी राहायचं, पुढचं सांगता येत नाही.

"बरं," आई म्हणाली. तिनं ट्रंकेचं झाकण उघडलं आणि वरची बांगड्यांची पुडी काढून फळीवर ठेवली. मग माझ्या वडिलांना म्हणाली, "ते गाठोडं तेवढं घेऊन या. धाकट्याला बूट लागेल." आत्याआजी तेव्हा देवळात पुराण ऐकायला गेली होती. ती नाही तोवर काय ते उरकून घ्यावं, असं वडिलांच्या मनात असावं. त्यांनी मला बरोबर घेतलं.

बेननं आम्हाला बघितलं आणि ती खुलली. "आता निघाले का? सामान हलका झाला ना?"

वडिलांना काही समजलं नाही. ते म्हणाले, "गाठोडं न्यायला आलो होतो."

"ते तर गेला ने," बेन म्हणाली. "माझा भाई तंबाकूच्या कामाला सिन्नरला जाते. काल सकाळी जात होता. मी बोलली, बिचारी दोन पोरं घेऊन जाणार, वर हे ओझा कशाला? भाईला दिला. देवळाच्या मागची गल्ली, मला सगळा माहीत आहे, तुमची बाई रोज सांगते. काल संध्याकाळीच पोचला असेल."

वडील तिच्या झोपाळ्यावर मटकन बसले. बेननं पाणी आणलं, आणि आपण केलं ते बरं केलं की वाईट, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. वडील तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, "तुम्ही फार चांगलं केलंत." ते खरं बोलत होते की रीत म्हणून, ते मी आजही सांगू शकत नाही.

परत येताना फाटकाशी ते थांबले. फाटक उघडं होतं तरी थांबले. "तुझ्या आत्याआजीला काय सांगायचं?" त्यांनी मला विचारलं. मोठ्या माणसानं मला सल्ला विचारल्याची ती पहिली वेळ. मी म्हणाले, "खरं सांगा."

आत्याआजी देवळातून आली होती आणि ओसरीवर पाय धूत होती. वडिलांनी सांगितलं. रजेचं सांगितलं, गाठोड्याचं सांगितलं. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बेन काय करून बसली हे तिलाही तेव्हाच कळत होतं.

आत्याआजीनं हातातला तांब्या खाली ठेवला. "बुटासकट गेलं?"

"हो."

"सिन्नरला? घरी?"

"हो आत्या. पोचलंसुद्धा असेल."

मला वाटलं आता अपशकुनाची मोठी यादी येणार. पण आत्याआजी भिंतीला टेकून बसली आणि आपल्या बारीक आवाजात बोलायला लागली. कुणाशी बोलत होती ते नीट कळत नव्हतं.

"मी चौदा वर्षांची होते, सासरी. माझे वडील आजारी होते, मला न्यायला सांगितलं होतं. इकडे दिवस बरा नव्हता म्हणून शेजारी माझं प्रस्थान ठेवलं. माझी एक चोळी आणि काजळाची डबी. आज नेऊ, उद्या नेऊ. ह्याला काम निघालं, त्याला काम निघालं. पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी गाठोडं घरी आणलं. आठव्या दिवशी पत्र आलं, की गेले. सगळे म्हणाले मुहूर्त चुकला. मीही तेच म्हणत आले, जन्मभर. मुहूर्त काही चुकला नव्हता. मला न्यायला कुणी उठलं नव्हतं."

मी तिच्या पायांकडे बघत होते. ते ओले होते आणि फार लहान होते. एवढी वर्षं मी जिचा राग राग केला ती चौदा वर्षांची मुलगी होती, हे मला त्या क्षणी कळलं आणि मला माझीच लाज वाटली.

"ते गाठोडं तुझ्या सासऱ्याच्या हातात आहे," ती वडिलांना म्हणाली. "जुना माणूस आहे. प्रस्थान म्हणजे काय ते त्याला सांगावं लागणार नाही. माणसं वाटेवर आहेत असं समजून दारात बसला असेल. आणि तू इथे ट्रंक सोडून बसलायस?"

"पण मला रजा नाही, आत्या."

"तुला कोण जा म्हणतंय? सूनबाई जाईल पोरांना घेऊन. तुला भाकरी मी घालीन."

"एकटी?"

"ती त्याच गावची आहे. तुझ्यापेक्षा तिला रस्ता ठाऊक आहे. त्या कागदाला हसते ती, तू बघितलं नाहीस, मी बघितलंय."

आईनं पदर तोंडाला लावला. वडिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "उद्या अमावास्या आहे."

"अमावास्या निघणाऱ्याला," आत्याआजी म्हणाली. "ही गुरुवारीच निघालीत. निघालेल्याला कसली आलीय अमावास्या?"

आईनं बांगड्यांची पुडी परत ट्रंकेत ठेवली. वडिलांनी नवा फुलस्केप घेतला आणि पहाटेच्या गाडीपासून कार्यक्रम पुन्हा आखला. या वेळी आई शेजारी बसली आणि बोट ठेवून चुका दाखवायला लागली. इगतपुरीला पाणी भरायला उतरायचं नाही, तिथे चहा खिडकीशी येतो. नाशिकरोडला पुलाच्या या बाजूनं बाहेर पडायचं, एसटी तिथून जवळ. वडील मुकाट्यानं खोडत होते, लिहीत होते. मध्येच म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "तुम्ही इतकं हौसेनं लिहीत होता."

रविवारी पहाटे वडील आम्हाला कल्याणपर्यंत पोचवायला आले. डोक्यावर जुनी विटकी टोपी, कारण चांगली आमच्या आधीच सासुरवाडीला गेलेली. गाडीत जागा मिळाली, वळकटी फळीवर गेली. खिडकीशी उभे राहून त्यांनी आईला तो कागद दिला आणि म्हणाले, "माझी टोपी आणायला विसरू नको." गाडी हलली. ते चार पावलं बरोबर चालले आणि मग घड्याळ बघायला थांबले. गाडी वेळेवर होती, आणि ते त्यांना फार बरं वाटलेलं दिसत होतं. तिथूनच ते उलटे फोर्टला ऑफिसात गेले.

घाट आला, बोगदे आले. इगतपुरीला चहा खरोखरच खिडकीशी आला. आई दर स्टेशनावर आम्हाला पुढचं स्टेशन आधीच सांगत होती. मुलुंडला जी बाई वाण्याकडे एकटी जायला संकोचायची ती इथे हमालाशी हुज्जत घालत होती, एसटीत कंडक्टरला "दादा, जरा पोराला पुढे घ्या" म्हणत होती. मी तिच्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघत होते.

सिन्नरला उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं आणि हवेला तंबाखूचा वास होता. भावाचा एक पाय बुटात, एक पाय तापल्या मातीवर, म्हणून मी त्याला पाठुंगळी घेतलं. देवळामागच्या गल्लीत शिरलो आणि आई थांबली.

आजोबा ओट्यावर बसले होते. शेजारी गाठोडं सोडलेलं. निळं लुगडं घडी करून, त्यावर टोपी, टोपीवर माझी रिबीन. मामा दारातून सांगत आला, शुक्रवारी संध्याकाळी गाठोडं आलं तेव्हापासून हे असेच बसलेत, जेवणसुद्धा इथेच. भावाचा डावा बूट आजोबांच्या हातात होता. ते अंगठ्यानं त्याचा तळ चाचपत होते, टाचेपासून टोकापर्यंत, आणि पुन्हा टोकापासून टाचेपर्यंत.

"अण्णा, मी आले," आई म्हणाली.

"तू शुक्रवारीच आलीस," आजोबा म्हणाले. "ह्या बुटाचा धनी कुठे आहे?"

मी भावाला खाली उतरवलं. नमस्कार आणि "आजोबा, मी आलो", जे कपाटाला शंभरदा म्हणून झालं होतं, ते तो साफ विसरला. तो म्हणाला, "तो माझा आहे."

"मग पाय दे."

भावानं मातीनं माखलेला पाय पुढे केला. आजोबांनी तो धोतरानं पुसला, मांडीवर घेतला आणि बूट चढवला. पट्ट्याचं भोक त्यांना सापडत नव्हतं. मामा पुढे झाला, आईनं त्याला हातानं मागे सारलं. बराच वेळ लागला. पट्टा लागल्यावर आजोबांनी भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या डोळ्यांजवळ आणला, आणखी जवळ आणला, आणि म्हणाले, "दिसतोय."

आई ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडली, आणि रडताना हसत होती, आणि तिनं ते दोन्ही लपवलं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं दोन कार्डं लिहिली. वडिलांना लांबलचक, वेळांसकट. आत्याआजीला एकच ओळ: "आत्याबाई, तुम्ही उठलात म्हणून पोचले." ती दोन्ही कार्डं पेटीत टाकायला मी गेले, आणि आत्याआजीचं आधी टाकलं.